पायाशी चार कुत्री

“मग माझ्या कुत्र्यांचा जीव हा जीव नाही का, महाराज?”

सूर प्रश्नाचा होता. उत्तर मात्र ऋजुता घरूनच घेऊन आली होती.

सोमपुरी गोसावी दत्तमंदिराच्या पायरीवर शेंगा सोलत बसले होते. समोर गवताचा माळ. हरणं, लांडगे, जमिनीवरच अंडी घालणारी पाखरं, सगळ्यांचा संसार तिथंच. ऋजुता रोज संध्याकाळी तालुक्याहून स्कूटरवर येई, देवळामागच्या मोकाट कुत्र्यांना भाकरी घाली आणि परत जाई. दोन वर्षांत तिनाची अकरा झाली होती. उद्या त्यांना पकडून न्यायला गाडी यायची होती. महाराज नको म्हणाले, तर देवळाच्या आवारातून एकही कुत्रं कुणी नेलं नसतं. त्या एका शब्दासाठी ती आली होती.

“हरणाची दोन पाडसं मारली त्यांनी,” महाराज म्हणाले.

“लांडगाही मारतोच की.”

“मारतो.”

“मग लांडग्याला माळ आणि माझ्या भुऱ्याला पिंजरा? हा कुठला न्याय?”

महाराजांनी सोलायचं थांबवलं. प्रश्न त्यांना आवडला असावा. खरं सांगायचं तर मलाही आवडला.

“भुऱ्या उपाशी असेल,” ते म्हणाले. “आधी घाल त्याला.”

अकराही आली. एकेकाला नावानं हाक मारून तिनं भाकरी दिली. तिची माया खोटी नव्हती, हे सांगायलाच हवं.

टोपलं रिकामं झालं, तशी तिनं गाभाऱ्याकडे बोट केलं. “दत्तगुरूंजवळसुद्धा चार कुत्री आहेत, महाराज.”

“कुठं आहेत?”

“पायाशी.”

“आणि तुझी?”

तिनं वळून पाहिलं… मागं कुणी नव्हतं.

माळावर टिटवी ओरडायला लागली. मग दुसरी. ऋजुतानं भुऱ्याला हाक मारली, मग राणीलाही. दूरवर गवत हलत राहिलं. कुणी मागं वळलं नाही.



“उद्या गाडी येईल तेव्हा तुझ्या पायाशी जेवढी बसलेली असतील, तेवढी दत्ताची,” महाराज म्हणाले. “त्यांना मी हात लावू देणार नाही.”

तिचा चेहरा खुलला. मग सवयीनं तिनं स्कूटरची किल्ली काढली, आणि ती हातातच राहिली.

महाराजांनी आतून एक जास्तीची घोंगडी आणून पायरीवर टाकली.

“राहतेस, की जातेस?”