कणसांनी भरलेली पळवाट

फार पूर्वी ज्वारीच्या एका रानात एक उंदीर राहायचा. दुष्काळात त्याची आई उपाशी मेली होती. तेव्हापासून कितीही कणसं साठवली तरी त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. स्वतः अर्धपोटी राहून तो बीळ भरत होता. जागा संपली, तेव्हा त्याने मागची पळवाटही कणसांनी ठासून भरली.

"अहो, साप आला तर निघायचं कुठून?" उंदरीण कळवळून म्हणाली.

"साप येईल तेव्हा येईल. भूक रोज येते!"

एके दुपारी बिळाच्या तोंडाशी साप सळसळला. दोघं मागे धावली. उंदीर जिवाच्या आकांताने कणसं खाऊन वाट करू लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो पोटभर खात होता, आणि साठा काही केल्या संपत नव्हता.