कोरडा ठेवलेला हात

“फरक दिसतो की नाही, तेवढंच सांगा, बुवा!”

श्रीपादने दोन्ही हात गुरूंपुढे धरले. उजव्यावर सात उन्हाळे त्याने रातांब्याच्या लाल रसाचा लेप लावला होता. डावा मुद्दाम कोरडा ठेवला होता. ऊन मात्र दोन्हींना सारखंच दिलं होतं. आता उजव्याची कातडी नितळ होती. डावा डागाळलेला, सुरकुतलेला, सासऱ्याकडून उसना आणल्यासारखा दिसत होता.

अंतुबुवा वैद्यांनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

“दिसतो. लबाडी नाही यात.”

श्रीपादची छाती फुगली. साऱ्या तळकोकणात असा पुरावा कुणापाशी होता? त्याची नजर कोपऱ्यातल्या काळ्या दगडी खलाकडे गेली. बुवांच्या गुरूंचा तो खल. तो ज्याच्या घरी जाईल तोच पुढचा वैद्य, हे गावाला ठाऊक होतं. त्या खलासाठीच तर श्रीपाद आज आला होता.

“मग बुवा, खल...?”

“चंद्रा, जरा इकडे ये गं.”

अंगणात बुवांची कामकरीण चंद्रा आमसुलांसाठी रातांब्याची सालं रसात बुडवून उन्हात पसरत होती. ती पुढे आली. चेहरा रापलेला, सुरकुत्यांनी भरलेला. श्रीपादच्या लेपाचा रस तिच्याच पातेल्यातून जात असे.

“हात दाखव याला.”

तिने हात धुऊन पुढे केले. कोपरापर्यंत नितळ. दोन्ही. अगदी त्याच्या उजव्यासारखे.

श्रीपाद बघतच राहिला.

“हे... कधीपासून?”

“वीस वर्सां झाली, हात ह्याच रसात आसत,” चंद्रा हसली. “माका कोणी कधी इचारल्यान नाय.”

सात वर्षं तो तिच्याकडे येत होता. पातेल्यात डोकावत होता, पण तिच्या हातांकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.



“मी काय करू, बुवा?”

“ऊन चढलंय. तिला सावलीत बसू दे. उरलेली सालं तू बुडव.”

श्रीपाद मुकाट्याने अंगणात जाऊन पातेल्यापाशी बसला. उजवा हात त्याने रसात घातला. डावा पाठीमागे धरला. एका हाताने धड काही जमेना, सालं निसटून मातीत पडू लागली. चंद्राने पदर तोंडाला लावला.

“आणि डावा?” ओटीवरून बुवांनी विचारलं.

“तो कोरडाच राहू द्या, बुवा. सात वर्षं जपलाय. लोकांना दाखवायला माझ्यापाशी दुसरं आहे काय?”

बुवांनी एकवार कोपऱ्याकडे पाहिलं.

“श्रीपादा, खल दोन्ही हातांनी उचलावा लागतो.”