पप्पांच्या नावाचं छत

"मग हे हँडल मी घरी घेऊन जातो, भंतेजी. चालेल ना?"

भंतेजी वर छताकडे बघत राहिले.

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी हँडल वर धरून दाखवलं. लांब लोखंडी दांडा, टोकाला आकडा.

"घरी नेऊन काय करशील?"

"काही नाही. ठेवीन."

"इथं ठेव ना मग."

"इथं ठेवलं तर कोणी पण फिरवेल ना! फिरवलं की छत मिटेल."

"मिटणारंच आहे ना ते?"

"हो."

"मग?"

आता याच्यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा.

थांबा. आधी सगळं सांगतो, नाहीतर तुम्ही पण माझ्यासारखे गोंधळाल.

आमच्या वस्तीत छोटासा विहार आहे. नागपुरात. समोर ओटा, पश्चिमेकडे तोंड. मे महिन्याच्या दुपारी त्या ओट्यावर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. तरी लोक बसतात, कारण आत त्याहून जास्त उकडतं. माझे पप्पा पण तिथेच बसायचे. मागच्या उन्हाळ्यात पप्पांना ऊन लागलं.

आणि पप्पा गेले.

विहारातल्या पंख्यावर कोणाचं तरी नाव आहे. कूलरवर आहे. पाण्याच्या टाकीवर तर नाव, गाव, हुद्दा, सगळं आहे. पप्पांचं नाव कुठेच नाही. आणि परवा एक काका मलाच विचारून राहिले होते, "तुझे वडील म्हणजे कोणते रे?"

अरे! रोज तुमच्या बाजूला बसायचे ना ते!

माझं डोकंच फिरलं. म्हणून मी ऑनिंग आणलं आणि आज सकाळी ओट्याच्या वर भिंतीला लावलं. ऑनिंग म्हणजे भिंतीवर लागणारं कापडाचं छत. हँडल फिरवलं की बाहेर येतं, उलटं फिरवलं की गुंडाळून परत भिंतीजवळ. कापडावर आतल्या बाजूने मी मोठ्या अक्षरांत तीन ओळी छापून घेतल्या. भिंतीला पाठ टेकवून बसा, वर बघा, की सरळ वाचता येतं.

भिंतीजवळची पहिली ओळ: कालकथित. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात ते.

मधली ओळ: शालिक उकंडा गजभिये.

बाहेरच्या काठाला शेवटची: यांच्या स्मरणार्थ.

आता समजलं ना, हँडल मला घरी का पाहिजे होतं?

भंतेजींना नाही समजलं. किंवा समजलं असेल... मला तेच समजून नाही राहिलं.

उपसीव भंतेजी आमच्या विहाराचे भिक्खू. अंगाने दांडगे, बोलायला एकदम कंजूस. मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे ध्यान शिकायला जातो. शिकायला म्हणजे काय, डोळे मिटले की माझा पाय झोपतो आणि डोकं जागं होतं. पण जातो.

"टीनचे पत्रे टाकले असते तर?" भंतेजींनी विचारलं.

"टीनला खांब लागतात, भंतेजी. आणि टीन तापतं किती! हे बघा ना, सगळं भिंतीवरच. खाली काहीच लागत नाही."

"खाली माणसं बसतात."

"हो, ती तर बसणारच..."

त्यांनी ओट्याकडे पाहिलं. मी पण पाहिलं. मला वाटलं, काहीतरी चुकीचं बोललो. काय ते कळेना.

"घट्ट बसलं का?"

हा! या प्रश्नाची तर मी सकाळपासून वाट बघून राहिलो होतो.

"घट्ट? भंतेजी, सगळी भिंत मी ठोकून पाहिली. जिथं बद्द वाजलं ती जागा सोडली. तिथं गिलावा सुटलेला असतो. नुसत्या गिलाव्यात बोल्ट मारला ना, तर तो गिलाव्यासकट खाली येतो. दरवाज्याच्या वर काँक्रीटचा बीम आहे, तो पकडला. वायर कुठून गेली ते पाहिलं, मेन बंद केला, तेव्हा कुठं बॅटरीची ड्रिल लावली. भोकातली सगळी धूळ पंपाने काढली, धूळ राहिली की बोल्ट नीट पकडत नाही. ब्रॅकेट एका लेव्हलमध्ये. आणि उचलायला माझा दोस्त फिरोज होता. हे एकट्याने उचलायचंच नसतं. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने तो, दोघं दोन शिड्यांवर, आणि खाली कोणालाच उभं राहू दिलं नाही!"

दम लागला मला.

"म्हणजे भिंत सोडणार नाही?"

"जीव गेला तरी नाही!"

तर भंतेजी उठले.

चीवर खांद्यावर नीट घेतलं. ओट्याच्या कडेला आले. दोन्ही हात वर केले आणि छताचा पुढचा दांडा धरला.

मी बघतच राहिलो.

त्यांनी टाचा उचलल्या.

"भंतेजी! अहो, ते लटकायसाठी नसतं! कापडासाठी असतं ते, माणसासाठी नाही!"

छत कुरकुरलं. कापड ताणून धरणारे दोन्ही बाजूंचे लोखंडी हात थोडे खाली वाकले. पण भिंतीजवळ ब्रॅकेट जागचा हललासुद्धा नाही.

भंतेजींनी टाचा टेकवल्या. हात झटकले.

"भिंत सोडून नाही राहिली," ते म्हणाले.

"नाही ना!"

"चांगलं आहे."

मग माझ्या हातातल्या हँडलकडे पाहिलं.

"तू बी नाही सोडून राहिला."

मला वाटलं, कौतुक करून राहिले. मी थँक्यू म्हटलं.

ते हसले नाहीत. रागावले पण नाहीत. नुसते बघत राहिले. असं बघितलं की मला काय करावं तेच सुचत नाही.

तेवढ्यात पंचफुलामावशी आली. ती आमच्या मागच्या गल्लीत राहते, पप्पांना भाऊ म्हणायची. म्हातारपणी वाचायला शिकली आणि तेव्हापासून दिसेल ते मोठ्याने वाचते. दुकानाच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, माझ्या टीशर्टवरचं पण सोडत नाही.

गुडघ्यावर हात ठेवून बसली. भिंतीला पाठ टेकवली. वर पाहिलं.

"का... ल... कथित," ती वाचायला लागली. "शालिक... अगं बाई! शालिकभाऊचं नाव टाकलं का रे?"

"हो मावशी!"

"बरं केलं. पण कालकथित एवढं मोठं काहून लिहिलं?"

"मावशी, सगळं एकाच साइजचं आहे."

"मले तेच पहिले दिसलं ना."

आता ही एक नवीनच. मी भंतेजींकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघून राहिले होते.

मी पण बघितलं. रस्त्याच्या टोकाला धूळ उठली होती. पानटपरीवरचा कागद उडाला, मग प्लास्टिकची पन्नी उडाली, मग कोणाची तरी ओढणी.

वारा आला.

असा आला, असा आला की बस! कापड खालून फुगलं. छताचे दोन्ही हात वर जायला लागले, मग एकदम खाली. खट्... खट्... बीमच्या बाजूचा गिलाव्याचा एक तुकडा सुटला आणि मावशीच्या पदरात पडला.

"पोरा, हे पडन का माह्यावर?"

"नाही पडत, मावशी! बीममध्ये आहे!"

"मंग बीम पडन का?"

"मावशी, तू आत जा ना जरा!"

"काहून जाऊ? आत्ताच तर गुडघे बसले माहे. आता नाही उठत ते."

खट्... खट्...

दुकानदाराने एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. कितीही घट्ट बसव, वारा आला की मिटवायचं. उघडं छत म्हणजे वाऱ्याच्या हातात दिलेली भिंत, असं म्हणाला होता तो. मी तेव्हा हो हो म्हटलं होतं. माझं सगळं लक्ष अक्षरांच्या रंगाकडे होतं.

"मिटव," भंतेजी म्हणाले.

"भंतेजी, पण नाव..."

"मिटव."

"नाव मिटवू?"

...

आता तुम्ही सांगा, ते मला काय मिटवायला सांगून राहिले होते? कापड? की नाव? मला खरंच समजलं नाही. वाऱ्यात उभा, हातात दांडा, तोंडात धूळ, आणि डोक्यात हेच की आत्ता मिटवलं तर मग कोणीही मिटवेल, रोज मिटवेल, आणि ओट्यावर बसलेला माणूस वर बघेल तर वर काहीच नसेल.

मावशी उठली असती ना, तर मी नसतं मिटवलं. पण ती बसली होती.

मी आकडा छताच्या कडीत अडकवला आणि फिरवायला लागलो.

कापड भिंतीकडे सरकलं. पहिली ओळ आत गेली.

मावशी खालून वाचतच होती. "शालिक उकंडा गजभिये," ती म्हणाली. मग थोडी थांबली. "आता बरोबर हाय. आता कसं, शालिकभाऊ हाय असं वाटते."

माझा हात थांबला.

मला उलटं दिसत होतं, पण दिसत होतं. कालकथित गेलं होतं. नुसते पप्पा होते. जिवंत माणसाचं नाव असतं, तसं नाव.

"एवढंच ठेवू का, भंतेजी? अर्धं?"

खट्... खट्...

"अर्धं चालेल ना? अर्ध्याला वारा पण कमी लागेल..."

मावशीने पदर डोक्यावर घेतला. वर बघणं सोडून ती आता खाली जमिनीकडे बघून राहिली होती. भंतेजी माझ्याकडे बघतच नव्हते. ते मावशीकडे बघून राहिले होते.

मी फिरवलं.

आधी नावावरची रेघ आत गेली. मग अक्षरं. शालिक पण, उकंडा पण, गजभिये पण, सगळे एकाच वेळी, हळूहळू.

खटखट कमी झाली तशी मावशीने पदर बाजूला करून पुन्हा वर पाहिलं.

"यांच्या... स्मरणार्थ," तिने वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. "कोनाच्या रे?"

तोंड उघडलं तर धूळ गेली आत.

शेवटची ओळ पण गेली. छत भिंतीजवळ गपचूप बसलं, एकदम लहान, लोखंडाच्या पाइपाएवढं. आता वारा ओट्यावरून सरळ निघून जात होता, त्याला अडवायला काहीच नव्हतं. मावशीच्या तोंडावर ऊन आलं. तिने डोळे बारीक केले आणि म्हणाली, "गेलं का सगळं?"

मी आकडा कडीतून काढला.

मी हँडल धरून उभाच. सगळं बरोबर केलं होतं ना मी? भिंत बरोबर, बोल्ट बरोबर, मिटवलं ते पण बरोबर, मावशीला लागलं नाही. मग मला रडायला का येऊन राहिलं होतं?

"नाव मिटलं, भंतेजी."

"कोणतं?"

"कोणतं म्हणजे? पप्पांचं. शालिक."

"तू शालिक म्हणे का त्याले?"

"मी? मी कसा म्हणीन! बापाला कोणी नावाने हाक मारते का, भंतेजी?"

"मग काय म्हणे?"

"पप्पा."

भंतेजींनी मान वर केली. गुंडाळलेल्या कापडाकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत... सावकाश... जसं काही शोधून राहिले आहेत.

मग माझ्याकडे वळले.

"पप्पा, ते कुठं लिहून होतं?"