वीस पट, एक डाव

मी भांड्यांचा व्यापारी. गिऱ्हाईक नसलं की बुद्धिबळ मांडून बसायचो, तेवढीच माझी विद्या. पण कुमुदताई पेडणेकरांनी त्या दिवशी जे शिकवलं, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

आमच्या वाचनालयाची बुद्धिबळाची खोली बंद करायचं कमिटीच्या मनात होतं. त्यातच मास्टर रणदिवे आम्हा वीस जणांशी एकाच वेळी खेळायला आले. "एकानं जरी बरोबरी केली तर खोली ठेवा," ते कमिटीला हसत म्हणाले, "नाहीतर रद्दी भरा तिच्यात!"

मास्टर फिरत फिरत समोर आले की आपण लगेच चाल करायची, हा नियम. तासाभरात चौघं डाव सोडून उठले. माझ्या शेजारच्या पटावर बसलेल्या, शिवणकामाचा व्यवसाय करणाऱ्या कुमुदताईंनी हेरलं, की माणसं उठली की मास्टर लवकर परततात आणि आपल्याला विचाराला वेळ उरत नाही.

त्या हळूच म्हणाल्या, "शेटजी, हरत असलात तरी मात होईपर्यंत उठू नका. शेजारच्यांनाही हेच सांगा."

मी सांगितलं. कुणी उठेना.

मास्टर माझ्यावर वैतागले. "अहो, नुसता राजा उरलाय तुमचा! लाज नाही वाटत?"

"वाटते की! पण खुर्ची छान आहे."

ताईंना प्रत्येक चालीला निवांत वेळ मिळाला आणि शेवटी त्यांचा डाव बरोबरीत सुटला.

"हा काय न्याय?" मास्टर म्हणाले. "मी एकटा इतके डाव खेळत होतो!"

"हो ना," ताई म्हणाल्या, "आणि आम्ही सगळे मिळून एकच खेळत होतो."

 मास्टरांनी कमिटीकडून खोलीची किल्ली मागून घेतली आणि स्वतः ती ताईंच्या हातात ठेवली.