पिवळ्या तळ्याचे दान

पूर्वी हेमावती नगरात अरुणसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व नगरापासून कोसभर, नदीच्या खालच्या अंगाला, वेत्रग्राम नावाच्या गवळ्यांच्या गावात राहत असे. तो तिथला ग्रामणी, म्हणजे गावाचा प्रमुख होता. गावात म्हशी होत्या, एक विहीर होती आणि भांडणे होती. एवढ्यावर त्याचा काळ बरा चालला होता.

हेमावती नगर सोनसळी शेल्यांसाठी प्रसिद्ध होते. हे रेशमी शेले भद्रसाल नावाच्या श्रेष्ठीच्या रंगशाळेत रंगत. हरताळ हे पिवळे विषारी खनिज, तुरटी आणि हिराकस यांच्या कढत पाण्यातून निघालेला शेला असा झळके, की तो पांघरणाऱ्याच्या अंगी काही गुण आहेत की नाहीत, हे कोणी विचारीत नसे. शेला राजवाड्यात जाई आणि ज्या पाण्यातून तो निघे ते पाणी नदीत जाई.

एके दिवशी राजाचा पांढरा हत्ती नदीत डुंबून पिवळे पाय घेऊन बाहेर आला. दरबारच्या ज्योतिष्याने हा शुभशकुन ठरवला. पुढे हत्तीच्या पायांची सालपटे निघू लागली, तेव्हा शकुन मागे घेण्यात आला. राजाने आज्ञा काढली, की ज्याच्या मालकीचे पाणी नासलेले आढळेल त्याला दंड होईल.

भद्रसालाने आज्ञा शिरसावंद्य मानली. वेत्रग्रामाच्या शिवेवर त्याने एक तळे खोदले, रंगशाळेपासून तिथवर पाट काढला आणि सगळे पिवळे पाणी त्यात सोडले. नदी स्वच्छ झाली. राजाने श्रेष्ठीचे कौतुक केले. राजाचे हत्ती वेत्रग्रामात पाणी प्यायला येत नसत.

वेत्रग्रामाच्या म्हशी मात्र त्या तळ्यावर जात. वासुली नावाच्या गवळणीच्या दोन म्हशी काठावरच तोंडाला फेस येऊन मेल्या. मग विहिरीच्या पाण्याची चव बदलली. आया मुलांना पाणी देताना आधी स्वतःच्या जिभेवर घेऊन पाहू लागल्या. शेवटी गावाने ठरवले की राजाकडे जायचे. तळे भद्रसालाचे, तेव्हा दंड भद्रसालाला.

ही कुणकुण लागताच भद्रसाल स्वतःच गावात आला. मागे मिठाईचा करंडा घेतलेला चाकर होता. बोधिसत्त्वाच्या ओसरीवर बसून तो म्हणाला, "ग्रामणी, फार दिवस मनात आहे. माझे तळे मी तुमच्या गावाला दान करावे म्हणतो. राजाच्या साक्षीने, अगदी उद्याच."

बोधिसत्त्वाने पुष्कळ दाते पाहिले होते. द्यायची वेळ आली की दाता थोडा रेंगाळतो. या दात्याला घाई होती. त्यामागचे कारण बोधिसत्त्वाला लगेच उमगले. तळे गावाचे झाले की पाणीही गावाचे होणार होते, आणि उद्या राजाचे शिपाई दंड वसूल करायला आले असते तर ते वेत्रग्रामात आले असते. पण त्याच्या मनात दुसराही हिशेब होता. दंड झाला तर तो राजाच्या कोठारात जाणार, आणि पिवळे पाणी मात्र गावाच्या विहिरीत उतरत राहणार. एक शेला विकून श्रेष्ठीने तो दंड भरला असता.

"दान पूर्ण असेल ना?" बोधिसत्त्वाने विचारले.

"पूर्ण म्हणजे काय! पाणी, काठ, तळचा गाळ, मासे, सगळे तुमचे."

"त्यात मासे नाहीत."

"मग मासे सोडून सगळे."

"आणि तुमचा हक्क?"

"माझा नाही, माझ्या मुलांचा नाही, माझ्या चाकरांचा नाही! काडीइतका हक्क राहणार नाही. राजासमोर तसे बोलेन."

"अवश्य बोला," बोधिसत्त्व म्हणाला.

श्रेष्ठीने करंड्यातून सोनसळी शेला काढला. "हा तुमच्यासाठी. नगरात जलनिरीक्षकाचे पदही रिकामे आहे. तुमच्यासारखा समजूतदार माणूस राजाला हवाच आहे."

बोधिसत्त्वाने शेल्याची घडी न मोडता विचारले, "रंग पक्का आहे?"

"धुतल्यावर थोडा उतरतो, इतकेच."

"जो उतरतो तो आमच्याकडे येतोच," असे म्हणून बोधिसत्त्वाने शेला परत दिला आणि पदालाही नकार दिला.

गावाने कुडाच्या फटींतून शेला बाहेर निघताना पाहिला होता. तो पुन्हा करंड्यात गेला, ते पाहायला कोणी थांबले नव्हते. सगळे बातमी सांगायला धावले होते. त्यामुळे दान स्वीकारायचे, असे बोधिसत्त्वाने सभेत सांगितले तेव्हा वासुली उभी राहिली.

"पांघरा की शेला, ग्रामणी! पिवळा रंग खुलेल तुम्हाला. माझ्या म्हशींनाही शेवटी खुलला होता."

"वासुले, शेला मी घेतलेला नाही. तळे मात्र मला हवे आहे."

"विष कोणाला हवे असते?"

"ज्याला त्याचे दार लावायचे आहे त्याला," बोधिसत्त्व म्हणाला. यावर तो अधिक बोलला नाही. गावाने त्याच्याकडे पाठ फिरवली. ज्या घरांतून त्याला रोज ताक येई, त्या घरांतून त्या संध्याकाळी ते आले नाही.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजले. राजा आला. तळ्याचा वास येऊ नये म्हणून चंदन जाळले होते. श्रेष्ठीने सोन्याची झारी उचलली. झारीतले पाणी डोंगरावरच्या झऱ्याचे होते. तळ्याचे का नाही, असे कोणी विचारले नाही. बोधिसत्त्वाच्या हातावर त्याने पाणी सोडले आणि तळ्यावरचा आपला, आपल्या मुलांचा व चाकरांचा हक्क मोठ्या आवाजात सोडून दिला. राजाचे डोळे भरून आले. त्यात धुराचाही भाग असावा.

पहाटे बोधिसत्त्व कुदळ घेऊन एकटाच तळ्यावर गेला. पाट जिथे तळ्यात पडत होता, तिथे तो दगड आणि चिकणमाती रचू लागला. काही वेळाने वासुली तिथून चालली होती. ती थांबली. तिने पाटाकडे पाहिले, तळ्याकडे पाहिले, आणि डोक्यावरची पाटी उतरवून ती माती भरू लागली. उन्हे वर येईपर्यंत सारा गाव तिथे होता.

पाटाला उतार जेमतेम होता, त्यामुळे दुपारी तो तुंबून पाणी उलटे फिरले. ते रंगशाळेत शिरले, अंगणात पसरले आणि वाळत घातलेल्या शेल्यांखालून श्रेष्ठीच्या माजघरात गेले. भद्रसाल ओली पादत्राणे घेऊन थेट राजसभेत धावला. राजाने बोधिसत्त्वाला बोलावून घेतले. मेलेल्या म्हशींची तक्रार घेऊन वासुलीही त्याच्याबरोबर आली.

"महाराज, यांनी माझा पाट बुजवला!"

"तळे गावाचे आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "दुसऱ्याच्या तळ्यात न विचारता काही टाकू नये, एवढेच आमचे म्हणणे."

"अहो, पण ते तळे घाण टाकण्यासाठीच तर खोदले होते!"

राजाने विचारले, "मग काल मला साक्षीला बसवून तू दान कशाचे केलेस?"

राजा दंड सांगणार, तोच बोधिसत्त्वाने हात जोडले. "महाराज, यांना दंड नको. रंगशाळेवर शंभर घरे पोट भरतात, ती बंद पडायला नको. पाणी यांनी स्वतःच्या अंगणातल्या कुंडांत निवळावे आणि निवळलेले पाणी आधी स्वतःच्या घरात वापरावे. माणूस घरात काय येऊ देतो याची काळजी घेतोच. मला फक्त एक दान करायचे आहे."

"कसले?"

"तळ्यातल्या पाण्याचे आणि गाळाचे. दोन्ही आमच्या मालकीचे आहेत. ते मी श्रेष्ठींना देतो. माझा, माझ्या गावाचा, आमच्या म्हशींचा त्यावर काही हक्क राहणार नाही. वाहायला गाड्या आम्ही देऊ."

"मला नको!" श्रेष्ठी ओरडला.

"दान नाकारतोस?" राजा म्हणाला. "काल तूच मला दानाचे माहात्म्य सांगत होतास. ग्रामणी म्हणतो तशी कुंडे बांध, आणि या बाईच्या दोन म्हशी तेवढ्या भरून दे."

श्रेष्ठीने हात पुढे केला. बोधिसत्त्वाने बरोबर आणलेल्या लोट्यातून त्यावर उदक सोडले. या वेळी ते तळ्याचे होते. भद्रसालाचा तळहात पुढे बराच काळ पिवळा राहिला, आणि नमस्कार करताना तो हात मिटून घेऊ लागला.

परतताना वासुली बोधिसत्त्वाला म्हणाली, "आधी सांगायचे होते मला."

"तू गावभर सांगितले असतेस."

वासुलीने थोडा विचार केला. "सांगितले असते खरे," ती म्हणाली. त्या संध्याकाळी बोधिसत्त्वाकडे पुन्हा ताक आले.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे संघाचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा भद्रसाल म्हणजे विहाराला मोडका पलंग देऊन त्यावर आपले नाव कोरून मागणारा उपासक कालंब. राजा अरुणसेन म्हणजे तो पलंग डोळे ओले करून घेणारा आपला भांडारपाल. वासुली म्हणजे भिक्षुणी तिलोत्तरा, जी आजही मनातले आधी बोलते आणि मग काम दुप्पट करते. वेत्रग्रामचे लोक म्हणजे तुम्ही सगळे; मी दान घेतले तेव्हा तुम्हाला आजच्यासारखाच आधी माझाच संशय आला होता. आणि ग्रामणी मी होतो. देणाऱ्याचा हात नीट पाहून मग आपला हात पुढे करणे, आणि त्याला हरवूनही त्याच्या दारी पोट भरणाऱ्यांची चूल विझू न देणे, ही प्रज्ञापारमिता, म्हणजे शहाणपणाची पूर्णता."