तुणतुण्याच्या पोटातली गाठ

त्या राज्यात नदीच्या एका काठावर कातड्याची वाद्ये राहत आणि दुसऱ्या काठावर तारेची. मधे पूल होता. पण त्या वर्षी फर्मान निघाले: सूर्य मावळायच्या आत ज्याने त्याने आपापला काठ गाठावा, मग पूल बंद.

तुणतुणे पुलाच्या मधोमध उभे होते. त्याचा बाप डफ, आई सतार. गारठ्यात बाप त्याचे कातडे शेकोटीवर धरी, मग आई खुंटी पिळून तार लावी. दोन्ही झाल्याशिवाय त्याला कंठच फुटत नसे. आज बाप डाव्या काठावर होता, आई उजव्या.

"तार उपटून ये!" डावीकडून नगारा गरजला. "पोटाला कातडं आहे म्हणून घेतोय!"

"आधी ते कातडं फाड," उजवीकडून वीणा म्हणाली. "धुराचा वास येतो त्याला. तार तेवढी आमची."

"ना धड डफ, ना धड सतार!" गर्दीतून कोणीतरी खिदळले.

सूर्य टेकडीला टेकला. सतार ओरडली, "बाळा, कुठेही जा, पण अख्खं राहा!"

पुलावर पहाऱ्याला ठेवलेली कात्री पुढे आली. "बोल लवकर. काय कापू? मावळतीपर्यंत इथेच राहिलास, तर दोन्ही कापायचा हुकूम आहे."

कात्रीने तारेचे टोक शोधले. तार कातड्याच्या मधोमध आत शिरली होती आणि पोटात तिला गाठ मारलेली होती. कात्रीने तार ओढली, तर कातडे ताणले. कातडे वर दाबले, तर तार सैल पडली.

"काप गं बये, बघत काय बसलीस?" दोन्ही काठ एकदम ओरडले.

तेव्हा तुणतुणे वाजू लागले. आधी चाचरत, मग नीट. आईची अंगाई, बापाच्या ठेक्यावर. डाव्या काठावर डफ कोणी थाप न मारता घुमला. उजवीकडे सतारीच्या तारा कोणी न छेडता झंकारल्या. नगाऱ्याने श्वास कोंडला, तरी त्याच्याही पोटात काहीतरी दुमदुमलेच.

सूर्याची आता नुसती कड उरली होती. कात्रीने आ वासला. तिचे एक पाते डाव्या काठाकडे, दुसरे उजव्या काठाकडे, आणि मधे ती तार. तारेची थरथर दोन्ही पात्यांत उतरली, पात्यांमधून त्यांना जोडणाऱ्या खिळ्यापर्यंत गेली. कात्री तशीच उघडी उभी राहिली, आपल्या त्या एवढ्याशा खिळ्याकडे पाहत.