चौथी ओळ बाजाराची

विषय : फुटका रांजण परत मिळणेबाबत.
संदर्भ : दाजीबा, गोजरा व नागू, राहणार बाजारपेठ, यांचा अर्ज. तारीख वाळवीने खाल्ली आहे.

वरील विषयास अनुसरून सांगायचे ते असे, की फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा राजे घोड्यावरून जात आणि अर्ज पायी जात, तेव्हा एका नगरात आठवड्याचा बाजार भरत असे. त्या बाजारात तिघांचा एक ताफा होता.

गोजरा एका फुटक्या रांजणावर ठेका धरी. रांजणाला गळ्यापासून बुडापर्यंत चीर गेली होती. पाणी त्यात टिकत नसे, पण थाप पडली की आधी ढब्ब वाजे आणि मागून खर्र येई. नागू जात्याच्या फुटक्या तळीवर दगड घाशी. अशा आवाजाने एरवी माणसाचे दात शिवशिवतात. नागूने घासले की पाय शिवशिवत. आणि दाजीबा बोले. गाणे त्याला येत नव्हते, आणि ही गोष्ट त्याने कधी लपवली नाही. तो ठेक्यावर शब्द ठेवत जाई, यमकाला यमक भिडवीत, आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप हलू लागे.

त्यांची एक रीत होती. दाजीबा तीन ओळी म्हणे आणि थांबे. गोजराचा हात वर जाई आणि वरच राही. नागूचा दगड अडून राही. चौथी ओळ बाजाराची.

कोतवालाच्या वाड्याला शंभर शंभर खांब,
खांबाआडून चोर म्हणतो, कोतवाला, थांब,
आंबे माझे मोजतो मी, तू मोज खांब —

इतके म्हणून दाजीबा गप्प होई, आणि गर्दीतून कोणीतरी ओरडे, "मोजून होता होता, चोर गेला लांब!" मग गोजराचा हात खाली येई, ढब्ब, खर्र, आणि सगळा बाजार हसे. कोतवालही हसे. न हसता तर गोष्ट त्याचीच आहे हे सर्वांना कळले असते.

चौथी ओळ दर बाजारी निराळी येई. कधी कोष्टी देई, कधी कुंभारीण. पण सर्वांत धारदार ओळ कांदे विकणाऱ्या ठकूबाईची. तिची ओळ आली की तिच्यापुढे उभी गिऱ्हाइके डोळे पुशीत आणि दोष कांद्याला देत.

एकदा राजाची स्वारी बाजारावरून चालली होती. राजाने घोडा थांबवला आणि पुष्कळ वेळ ऐकले. राजा वाईट नव्हता. त्याला ते खरोखर आवडले होते. आवडलेली वस्तू घरी आणावी, एवढेच त्याला लहानपणापासून शिकवले होते. त्याने तिघांना दरबारात आणले.

दरबारात एक अडचण निघाली. राजासमोर विचारल्याशिवाय बोलायचे नाही, असा तिथला नियम. पहिल्या दिवशी दाजीबा तीन ओळी म्हणून थांबला. गोजराचा हात वर गेला. सगळे सरदार छताकडे बघू लागले. शेवटी प्रधानजी खोकले. तीच चौथी ओळ असावी असे समजून दरबाराने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दरबारातल्या वृद्ध सारंगियाने त्या मोकळ्या जागेत आपली सारंगी वाजवली. माणूस भला होता. या पाहुण्यांची फजिती त्याला बघवेना. जगातले बरेचसे नुकसान अशाच भल्या माणसांकडून, दुसऱ्याची अडचण दूर करण्याच्या भरात होते. एका सारंगीला जोड म्हणून दुसरी आली, मग बासरी आली, मग गोजरासाठी चांदीच्या कड्यांचा पखवाज आला. नागूच्या हाती झांजा आल्या. चौथी ओळ दाजीबा स्वतःच म्हणू लागला, आणि ती बहुधा महाराजांच्या कीर्तीविषयी असे.

रांजणाचा मात्र मान राखला गेला. त्याला रेशमी गवसणी शिवली आणि राजाच्या मौल्यवान वस्तू जिथे ठेवत त्या जामदारखान्यात तो जमा झाला. त्या दिवशी गोजराला फार बरे वाटले. तिला वाटले, आपण मोठे झालो.

वर्षे गेली. तिघांना घर मिळाले, शाली-कंठे मिळाले, मान मिळाला, आणि याबद्दल त्यांनी कधी कुरकूर केली नाही. पण दाजीबाला एक खोड जडली. घरातही तो तीन वाक्ये बोलून थांबू लागला. भाकरी गार आहे, मीठ कमी आहे, पाणी दे. एवढे म्हणून तो बायकोच्या तोंडाकडे बघत राही. आणखी काही दोष काढायचा राहिला असेल म्हणून ती बिचारी वाट पाही. तोवर भाकरी आणखी गार होई.

एके दिवशी पखवाज बाजूला सारून गोजरा म्हणाली, "दाजीबा, बोटं वळेनाशी झालीत. सकाळी मूठ उघडायला दुसरा हात लागतो."

दाजीबाने वैद्याचे नाव काढले.

"वैद्य बघून गेला. तो म्हणतो, वय झालं. त्याला वेगळं काय सांगता येणार, त्याचंपण झालंय." ती आपल्या हातांकडे बघत होती. "पुरती आखडायच्या आत एकदा बाजारात बसायचंय मला. एकदाच हात वर धरायचाय आणि चौथी ओळ ऐकायचीय. ओळ आल्याशिवाय हात खाली आणणार नाही."

नागू कमी बोले. तो म्हणाला, "माझी तळी मी ठेवलीय. चुलीमागं."

तिघे राजाकडे गेले. राजाही म्हातारा झाला होता. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "खुशाल जा. खरं सांगू का, तुम्ही इथं काय काय म्हटलंत ते मला आठवत नाही. घोड्यावरून ऐकलं होतं, तेवढं सगळं आठवतं."

रांजणाचे मात्र राजाच्याही हाती नव्हते. जामदारखान्यातून वस्तू बाहेर काढायची तर अर्ज लागे, आणि हा नियम राजाच्या आजोबांनी केला होता.

अर्ज केला. जामदाराने तो आदराने वाचला आणि शंका काढली, की फुटकी वस्तू जामदारखान्याबाहेर देता येत नाही. त्यामुळे खात्याची अब्रू जाते. तेव्हा रांजण आधी सांधला जाईल, मग दिला जाईल. दाजीबाने हात जोडून सांगितले की सांधू नका, त्याची चीर हाच त्याचा आवाज आहे. जामदाराने तसे लेखी मागितले. ते लिहून दिल्यावर दुसरी शंका निघाली. चीर हाच जर रांजणाचा गुण असेल, तर रांजण फुटका नाही. आणि फुटका नसेल, तर ज्या फुटक्या रांजणासाठी अर्ज आहे तो रांजण जामदारखान्यात नाहीच. हा मुद्दा अभिप्रायासाठी राजकुंभाराकडे गेला. राजकुंभार परगावी होता.

तिघांनी वाट पाहण्याचे सोडले. कुंभारवाड्यातून नवा रांजण आणला आणि गोजराने तो उंबऱ्यावर आपटून बेताने तडकवला. येत्या बाजारी ते जुन्या जागी जाऊन बसले.

लोक धावत आले. म्हाताऱ्यांनी नातवंडांना पुढे काढले आणि सांगितले, हेच ते. ठेका सुरू झाला. दाजीबाने खांबांचीच जुनी कविता घेतली, तीन ओळी म्हटल्या आणि सवयीने चौथीही म्हणून टाकली. जुनीच, "चोर गेला लांब." लोकांनी शांतपणे ऐकले. इतक्या शांतपणे बाजाराने कधी काही ऐकले नव्हते. कार्यक्रम संपल्यावर पेठेच्या वतीने तिघांना शाल आणि नारळ देण्यात आला, आणि गर्दी हळू आवाजात बोलत, देवळातून निघाल्यासारखी निघून गेली. ठकूबाई तेवढी कांद्यांवर पाणी शिंपडत बसून राहिली. ती काही बोलली नाही, आणि ते दाजीबाला शालीपेक्षा जड गेले.

परतताना तो म्हणाला, "रांजणच नाही तो. चीर चुकली. तुझा जुना रांजण असता ना, गोजराक्का..."

"रांजणावर ढकलू नको." गोजरा रस्त्यातच थांबली. "चौथी ओळ तू खाल्लीस. मी हात वर नेला, आणि खाली आणायला कारणच उरलं नाही. दाजीबा, तुला भीती वाटली."

दाजीबाला राग आला. मग तो ओसरला, आणि राग गेल्यावर जे खाली राहते ते वर आले. भीती वाटली होती, हे खरे होते. आपण थांबलो आणि कोणीच बोलले नाही तर? दरबारात कोणी बोलले नाही, ती राजाची शिस्त होती. इथे कोणी बोलले नाही, तर ते बाजाराचे मत असेल. म्हणून तो थांबलाच नव्हता.

पुढच्या बाजाराला जाताना नवा रांजण हातगाडीवरून घरंगळला आणि त्याचे तुकडे झाले. गोजराने तुकड्यांकडे पाहिले, जुन्या जागेपर्यंत चालत गेली आणि शेजारच्या भुसाऱ्याकडून धान्य मोजायची रिकामी पायली मागून घेतली. ती पालथी घातली आणि आखडत्या बोटांनी ठेका धरला. नागूने तळी घासली. गेल्या खेपेला शाल दिल्याने कर्तव्य झाले असे मानून लोकांनी फारशी गर्दी केली नव्हती. जे होते ते भाव करीत होते. दाजीबाने जुनी कविता घेतली नाही. जे घडले होते तेच त्याने म्हटले.

दरबारात गेलो आम्ही, अंगावर आली शाल,
शालीखाली घाम आला, सुकले आमचे गाल,
सारंग्यांच्या गर्दीमध्ये हरवली ती चाल —

आणि तो थांबला.

गोजराचा हात वर गेला. भाव करणारे भाव करायचे थांबले. कोणी बोलले नाही. दूर कुठे एक गाढव ओरडले, पण त्याचे यमक जुळत नव्हते. दाजीबाच्या ओठांवर चौथी ओळ आयती तयार होती, चांगली घोटलेली, दरबारी. त्याने तोंड उघडले. गोजराचा हात अजून वरच होता, बोटे दुखत होती हे दिसत होते, आणि ती त्याच्याकडे बघत होती. त्याने तोंड मिटले.

तेव्हा कांद्यांच्या ढिगामागून जुना, खरखरीत आवाज आला :

"कांद्याखाली ठेवलीय मी, उचल आणि चाल!"

गोजराचा हात खाली आला. पायलीतून आवाज कसा निघाला ते सांगणे कठीण आहे, कारण तो कोणाला ऐकूच आला नाही. सगळा बाजार हसत होता. दाजीबालाही हसायचे होते. त्याला रडू आले, आणि जवळच कांदे असल्याने ते खपून गेले.

बाजार उठता उठता तो ठकूबाईपाशी जाऊन बसला. इतकी वर्षे तिने हे धारदार बोलणे कुठे ठेवले होते, असे त्याने विचारले.

ठकूबाई म्हणाली, "मेल्या, तुम्ही तीन ओळी घेऊन राजाकडं गेलात, चौथी इथंच टाकून गेलात. आम्ही ती वापरात ठेवली. कुणी भाव जास्त सांगितला, की चौथी ओळ. कुणाचं लग्न मोडलं, की चौथी ओळ. हसता हसता दिवस गेले ना. तुझ्या नावानं रोज दिवा लावला असं काही नाही, पण आठवण निघायची." मग तिने त्याच्या उपरण्यात चार कांदे टाकले. "मागच्या बाजारी मी ओळ घेऊन तयार होते. तू थांबलासच नाहीस."

दाजीबाने तिला हात जोडले. राजाने कंठा घातला तेव्हाही त्याने इतके वाकून हात जोडले नव्हते.

त्यानंतर दर बाजारी तिघे बसू लागले. गोजराची बोटे यथावकाश आखडलीच. वैद्याचे म्हणणे खरे ठरले. पहिले काही दिवस ती तळव्याने वाजवी, मग कोपराने. शेवटी तिने नुसता हात वर धरायचा आणि खाली आणायचा, आणि ठेका लोकांनी टाळ्यांवर धरायचा, असे झाले. ती म्हणे, इतका मोठा रांजण आपल्याला कधीच मिळाला नव्हता.

एकदा दाजीबाने राजावरच तीन ओळी म्हटल्या आणि तो थांबला. राजवाड्याच्या बाजाराकडच्या खिडकीतून एक म्हातारा आवाज चौथी ओळ ओरडला. यमक चांगले होते. तो आवाज कोणाचा हे कोणी विचारले नाही. ठकूबाईने मात्र दुसऱ्या दिवशी राजवाड्यात निवडक कांदे पाठवले.

तात्पर्य : जो आपल्या बोलण्यात दुसऱ्यासाठी जागा मोकळी ठेवतो, त्याचा हरवलेला सूर दुसरेच जपून ठेवतात.

रांजणाबाबतचा अर्ज राजकुंभाराच्या अभिप्रायासाठी गेलेला असून, अभिप्राय अद्याप प्राप्त झालेला नाही.